ऑर्किडचे ओष्ठदल: कसे ओळखावे, कसे उलगडावे आणि मराठीत कसे लिहावे

सोलापुरात लग्नसराईच्या दिवसांत मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर झेंडू आणि शेवंतीच्या जोडीला आता जांभळ्या-पांढऱ्या ऑर्किडच्या दांड्याही सर्रास दिसतात. ही फुले बहुतेक वेळा डेंड्रोबियम या प्रजातीच्या संकरित वाणांची असतात. त्यांतील कोणतेही एक फूल हातात घेतले, तर एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी, पुढे आलेली आणि बहुधा अधिक गडद असल्याचे लगेच जाणवते. वनस्पतिशास्त्रात तिला लॅबेलम म्हणतात आणि रोपवाटिकेत तिचे नाव ‘लिप’ असते. मराठीत तिच्यासाठी ओठ, ओष्ठ, ओष्ठक आणि ओष्ठदल असे शब्द आढळतात. हे दल खात्रीने कसे ओळखावे, फुलापासून वेगळे करून कसे पाहावे आणि त्याचे वर्णन दुसऱ्याला समजेल अशा मराठीत कसे नोंदवावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. ही माहिती हौशी बागप्रेमी, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पावसाळ्यात सह्याद्रीकडे फुले पाहायला जाणारे सोलापूरकर यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

आधी शब्द पक्का करावा

वर्णन लिहायला बसण्यापूर्वी एकच शब्द निवडावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. एका ओळीत ‘ओठ’, दुसरीत ‘लिप’ आणि तिसरीत ‘खालची पाकळी’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला ते तीन वेगळे भाग वाटू लागतात. माझी पसंती ‘ओष्ठदल’ या शब्दाला आहे, कारण हा भाग मुळात दलपुंजातील एक दल, म्हणजे पाकळी आहे, ही गोष्ट त्या नावातच सांगितली जाते. नुसता ‘ओष्ठ’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो इतर फुलांच्या निरनिराळ्या भागांसाठीही वापरला जातो, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

याची दोन उदाहरणे घरच्या अंगणात आणि शहरातील बागांमध्येच सापडतात. तुळशीच्या मंजिरीतील एक फूल भिंगाखाली धरले, तर त्याला वरचा आणि खालचा असे दोन ओठ दिसतात. हे ओठ म्हणजे पाच पाकळ्या एकमेकींना जुळून तयार झालेल्या नळीची दोन तोंडे आहेत. वरच्या ओठावर चार खाचखंड असतात आणि खालचा ओठ एकसंध असतो. कर्दळीचे प्रकरण आणखी फसवे आहे. कर्दळीच्या फुलात जे रंगीत पसरट भाग आपण पाकळ्या समजतो, ते प्रत्यक्षात वांझ पुंकेसर असून खऱ्या तीन पाकळ्या त्यांच्या मागे अरुंद आणि दुर्लक्षित अशा उभ्या असतात. तेथील ज्या एका वळलेल्या भागाला ओष्ठ म्हणतात, तोही एक वांझ पुंकेसरच आहे. सोनटक्क्याच्या फुलातील ओष्ठ तर दोन वांझ पुंकेसर जुळून बनलेला असतो. ऑर्किडमध्ये मात्र ओष्ठ ही खरोखरीची पाकळी असते, आणि म्हणून तिला ओष्ठदल म्हणणे मला नेमके वाटते.

बाकीच्या भागांसाठी शालेय पुस्तकांतील शब्द पुरेसे आहेत: बाहेरच्या तिघांना निदले, आतल्या दोघींना पाकळ्या, फुलाच्या मागच्या दांडीतील जाडसर भागाला अंडाशय आणि चिकट खळगीला कुक्षी. दोनच शब्द जास्तीचे लागतील. ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि कुक्षी एकत्र जुळून एक लहानसा जाड दांडा बनतो, त्याला स्तंभ म्हणावे. आणि ओष्ठदलाच्या बुडापासून मागे जाणारी पोकळ नळी असेल, तर तिला शुंडिका म्हणावे. शुंडिका हा शब्द तेरड्याच्या फुलामुळे अनेकांना परिचित असेल, मात्र तेरड्यात ती निदलापासून निघते, हे लक्षात असू द्यावे.

फूल कोठून आणि केव्हा मिळवावे

त्यासाठी महागडी कुंडी विकत घेण्याची काहीही गरज नाही. शहरातील मोठ्या फुलवाल्याकडे सजावटीतून गळालेली सुटी फुले मागितल्यास तो बहुधा सहज देतो, आणि स्वागत समारंभ संपल्यावर उतरवलेल्या दांड्या तर टाकूनच दिल्या जातात. शक्य असेल तेव्हा सुट्या फुलापेक्षा कळ्यांसकट पूर्ण दांडी घ्यावी, कारण पुढील एका पायरीत कळी आणि फूल शेजारी ठेवून पाहायचे आहे. डेंड्रोबियमच्या दांडीवरील फुले बुडाकडून टोकाकडे उमलत जातात, त्यामुळे मधल्या भागातील पूर्ण उमललेले आणि न मलूललेले फूल अभ्यासाला सर्वांत चांगले.

सोलापूरच्या कोरड्या हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना, दांडीवरून खुडलेले फूल पंख्याखाली फार लवकर लुळे पडते आणि ओष्ठदलाच्या कडा आत वळू लागतात. घरी आणताच दांडीचे टोक ब्लेडने तिरपे कापून ती पाण्यात ठेवावी. सुटी फुले ओल्या सुती कापडात सैलसर गुंडाळून स्टीलच्या डब्यात झाकून ठेवावीत. फ्रिजमधील भाजीच्या खणात ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, पण बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नयेत. साहित्य म्हणून १० पट मोठे दाखवणारे भिंग, टाचणी, बारीक चिमटा, नवे ब्लेड, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि काळा कागद एवढे जवळ असले, की काम भागते.

रंगावर नव्हे, जागेवर विश्वास ठेवावा

ओष्ठदल ओळखताना सर्वांत मोठी फसवणूक रंग आणि आकार करतात. सुमारे २८ हजार जातींच्या या कुलात ओष्ठदल कधी सर्वांत मोठे, तर कधी सर्वांत लहान असते. कधी ते पिवळेधमक, तर कधी इतर पाकळ्यांच्याच रंगाचे असते. म्हणून ‘जी वेगळी दिसते ती’ ही व्याख्या टाकून द्यावी आणि पुढील क्रमाने जागा शोधावी.

प्रथम फूल उलटे करून मागून पाहावे. मागून पाहताना ज्या तिघांच्या कडा सर्वांच्या मागे, म्हणजे आपल्याकडे असतात, ती निदले होत. त्यांतील एक मध्यरेषेवर आणि दोन बाजूंना असतात. निदले पाकळ्यांइतकीच रंगीत असल्यामुळे पुढून पाहणाऱ्याला सहा पाकळ्या असल्याचा भास होतो, तो मागून पाहिल्यावर नाहीसा होतो. आता फूल सरळ करावे. निदलांच्या आतल्या फेरीत डावी आणि उजवी अशा दोन पाकळ्या एकमेकींसारख्या दिसतील, आणि तिसरी पाकळी दोन बाजूच्या निदलांच्या मधोमध असेल. ती तिसरी पाकळी म्हणजे ओष्ठदल.

यानंतरची खूण सर्वांत भरवशाची आहे आणि ती पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. फुलाच्या मध्यभागी असलेला स्तंभ शोधावा आणि भिंगातून त्याच्या दोन्ही अंगांकडे पाहावे. त्याच्या टोकाला एक लहानशी टोपी असते, तिच्याखाली परागपुंज असतात. आणि टोपीच्या थोडे मागे, एका बाजूला, ओलसर चकाकणारी खळगी असते, ती कुक्षी. कुक्षीची खळगी ज्या पाकळीकडे तोंड करून असते, ती पाकळी ओष्ठदल असते. कीटक ओष्ठदलावर उतरून आत शिरतो आणि परतताना त्याची पाठ स्तंभाला घासते, तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. पुढच्या फुलात तेच पराग खळगीत अडकतात. स्तंभ आणि ओष्ठदल समोरासमोर असण्याचे कारण या देवाणघेवाणीत आहे, म्हणूनच ही खूण रंगासारखी दगा देत नाही.

टाचणीने टोपी हळूच उचलून पाहण्यासारखी आहे. डेंड्रोबियममध्ये तिच्याखाली चार पिवळे परागपुंज निघतात, तर कुंडीत लावल्या जाणाऱ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडमध्ये दोन निघतात, आणि तेही एका चिकट पट्टीसह टाचणीला चिकटून बाहेर येतात.

वर-खाली ठरवताना पीळ पाहावा

बहुतेक ऑर्किडांमध्ये उमललेल्या फुलात ओष्ठदल खाली असते, पण कोवळ्या कळीत ते वरच्या बाजूला असते. कळी वाढत असताना फुलाची दांडी आणि अंडाशय मिळून जवळजवळ १८० अंशांचा पीळ घेतात आणि ओष्ठदल खाली आणतात. दांडीच्या टोकाकडील लहान कळी आणि तिच्याखालचे उमललेले फूल शेजारी धरून, फुलामागील देठावरच्या बारीक रेषा भिंगातून पाहिल्यास त्या तिरप्या वळत गेलेल्या दिसतात. फांदीवरून खाली लोंबणाऱ्या काही जातींत मंजरीच उलटी लटकत असल्याने असा पीळ घेण्याची गरज राहत नाही.

याला सन्मान्य अपवाद आहेत. सह्याद्रीत उंचावरील गवताळ जागी सापडणाऱ्या सॅटिरियम नेपालेन्स या जातीचे फूल पीळ घेत नाही. तिचे ओष्ठदल वरच राहते, त्याचा टोपासारखा आकार होतो आणि त्यातून एक नव्हे तर दोन शुंडिका निघतात. अशा वेळी ‘खालची पाकळी’ असे लिहिणारा सरळ चुकतो. यासाठी वर्णनात ओष्ठदल वर आहे की खाली हे स्वतंत्रपणे लिहावे, आणि ‘खालची पाकळी’ हा शब्दप्रयोग ओष्ठदलाला पर्याय म्हणून कधीही वापरू नये.

फूल उलगडण्याची पद्धत

फुलाचे सुटे भाग करण्यापूर्वी ते पुढून, बाजूने आणि मागून असे तीन वेळा मोबाइलने टिपून घ्यावे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. बाजूने घेतलेले छायाचित्र लोक हमखास विसरतात, आणि शुंडिका, वाक, स्तंभ व ओष्ठदल यांतील अंतर या गोष्टी केवळ त्यातच दिसतात.

मग निदले एकेक करून चिमट्याने बुडातून सोडवावीत आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या पाकळ्या काढाव्यात. हे सर्व काळ्या कागदावर फुलातल्या त्यांच्या जागेप्रमाणेच मांडावे. आता हातात फक्त देठ, अंडाशय, स्तंभ आणि ओष्ठदल एवढेच उरते, आणि घाई करू नये ती याच टप्प्यावर. ओष्ठदल स्तंभाला कोठे आणि कसे जोडलेले आहे, ते टाचणीच्या टोकाने हलवून पाहावे. काही प्रजातींत हा सांधा ताठ असतो. बल्बोफायलमच्या पुष्कळ जातींत तो इतका सैल असतो, की फुंकर मारली तरी ओष्ठदल वर-खाली डोलते. सांधा नोंदवून झाल्यावरच ओष्ठदल ब्लेडने सोडवावे. त्याच्या कडा वळलेल्या असल्यास ते बशीभर पाण्यात तरंगत ठेवावे, म्हणजे न फाटता पसरते.

डेंड्रोबियमच्या बाबतीत येथे एक सापळा आहे. फूल बाजूने पाहिले, तर मागच्या अंगाला एक बोथट टोक दिसते आणि बहुतेक जण त्याची नोंद शुंडिका म्हणून करतात. प्रत्यक्षात ते टोक स्तंभाचा पुढे वाढलेला पाया आणि त्याला चिकटलेली बाजूची दोन निदले यांनी मिळून बनलेले असते. त्याला हनुवटी म्हणतात. निदले काढताच ते टोक निम्मे नाहीसे होते, यावरून ते ओष्ठदलाचे नव्हते हे कळते. खरी शुंडिका पाहायची असेल, तर व्हांडाचे फूल मिळवावे. त्याच्या लहानशा ओष्ठदलाच्या बुडाशी आखूड पण स्पष्ट शुंडिका असते.

वर्णन कोणत्या क्रमाने लिहावे

वर्णनाचा क्रम ठरलेला असावा, म्हणजे दोन फुलांची तुलना करता येते. मी जागा, सांधा, खंड, कडा, पृष्ठभाग, रंग, शुंडिका आणि शेवटी मापे हा क्रम पाळतो. खंडांबाबत थोडे सांगणे आवश्यक आहे. पुष्कळ ओष्ठदले तीन खंडांची असतात: बाजूचे दोन खंड बहुधा उभे राहून स्तंभाला दोन्हीकडून आडोसा देतात आणि मधला खंड पुढे पसरतो. पृष्ठभागावर, बाजूच्या खंडांच्या मधोमध, अनेकदा उंचवटे, कंगोरे किंवा गाठी असतात. त्यांची संख्या आणि दिशा लिहावी, कारण जवळच्या जाती वेगळ्या करताना हाच भाग कामी येतो.

मंगल कार्यालयातील जांभळ्या डेंड्रोबियमचे वर्णन साधारण असे होईल: ‘ओष्ठदल खालच्या बाजूस, स्तंभाच्या पायाला जोडलेले, तीन खंडांचे, बाजूचे खंड उभे आणि स्तंभाकडे वळलेले, मधला खंड लांबट, टोकाकडे निमुळता, बुडापासून लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे, रंग पाकळ्यांहून गडद जांभळा, शुंडिका नाही, मात्र मागे बोथट हनुवटी आहे.’ कुंडीतील फॅलेनॉप्सिसच्या पांढऱ्या फुलाचे वर्णन निराळे होईल: ‘बाजूचे खंड उभे, आत वळलेले; त्यांच्यामध्ये पिवळसर, तांबूस ठिपक्यांची गाठ; मधल्या खंडाच्या टोकाला दोन वळलेले तंतू; शुंडिका नाही.’ या दोन्हींत मापे प्रत्येकाने आपल्या हातातील फुलावरून घ्यावीत, पुस्तकातून उतरवून घेऊ नयेत. लांबी सांध्यापासून मधल्या खंडाच्या टोकापर्यंत मोजावी, रुंदी बाजूचे खंड सपाट करून मोजावी आणि शुंडिका असल्यास ती वेगळी मोजावी.

शुंडिकेच्या मापाला किती महत्त्व असू शकते, हे मादागास्करमधील एका पांढऱ्या ऑर्किडने दाखवून दिले. तिची शुंडिका सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते आणि मध अगदी तळाशी असतो. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे, असे चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये छापून टाकले, आणि तसा पतंग १९०३ मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदवला गेला.

रंगासाठी ‘सुंदर’ किंवा ‘आकर्षक’ असे शब्द वर्णनात लिहू नयेत. मराठीत वांगी, लिंबू, हळदी, दुधी, किरमिजी, डाळिंबी असे नेमके शब्द हाताशी आहेत, आणि डाळिंबाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला डाळिंबी रंग समजावून सांगावा लागत नाही. रंग फूल ताजे असतानाच दिवसाच्या उजेडात ठरवावा. दाबून वाळवलेल्या फुलात आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या फुलात तो टिकत नाही. अल्कोहोलमध्ये निदान आकार तरी राहतो, दाबलेल्या ओष्ठदलाचा तोही जातो.

पुढे भेटणारी काही ओष्ठदले

सवय झाली, की निरनिराळ्या प्रजाती पटकन उमगू लागतात. कॅटलियाचे ओष्ठदल कर्ण्याप्रमाणे गुंडाळून स्तंभाला वेढते. ऑन्सिडियममध्ये पिवळा मधला खंड इतका रुंद असतो, की बाकीचे फूल त्यापुढे नगण्य वाटते. पॅफिओपेडिलममध्ये ओष्ठदलाची खोलगट पिशवी झालेली असते, आणि तेथे बाजूची दोन निदले एकमेकांना जुळून एकच झाल्यामुळे मागून मोजणाऱ्याला तीनऐवजी दोनच निदले सापडतात. व्हॅनिलामध्ये ओष्ठदलाच्या कडा स्तंभाला चिकटून नळी होते. लागवडीत हाताने परागण करणारे कामगार ही नळी काडीने फाडून स्तंभ उघडा करतात आणि पराग व कुक्षी यांच्यामधला पडदा वर उचलून दोन्ही एकमेकांवर दाबतात. ही पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या गुलामगिरीत असलेल्या लहान मुलाने शोधून काढली.

कासच्या पठारावर किंवा महाबळेश्वर, आंबोलीकडे पावसाळ्यात गेलेल्यांना हॅबेनेरिया प्रजातीची पांढरी-हिरवट फुले भेटतात. त्यांतील पुष्कळ जातींत ओष्ठदल तीन चिंचोळ्या भागांत चिरलेले असते आणि मागे शुंडिका असते. तेथे मात्र वरची उलगडण्याची पद्धत वापरायची नाही. रानातील फूल तोडू नये, कंद उपटू नये. पावसात भिजलेल्या जमिनीवर ओणवे होऊन भिंगाने पाहावे, तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि वर्णन जागेवरच लिहावे.

ओष्ठदल ठरतच नसेल तेव्हा

संकरित फॅलेनॉप्सिसमध्ये कधी कधी असे फूल येते, की दोन्ही बाजूंच्या पाकळ्याही ओष्ठदलासारख्या खंडित, ठिपकेदार आणि जाड झालेल्या असतात, किंवा याच्या उलट ओष्ठदलच साध्या पाकळीसारखे सपाट होते. पहिल्या प्रकारात ‘तीन ओष्ठदले’ आणि दुसऱ्यात ‘ओष्ठदल नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. दोन्ही टाळावे. स्तंभावरील कुक्षीची खळगी शोधावी, तिच्या समोरील दलाला ओष्ठदल म्हणावे, आणि उरलेल्यांचे वर्णन ‘बाजूच्या पाकळ्या ओष्ठदलासारख्या’ किंवा ‘ओष्ठदल पाकळीसारखे’ असे करावे. त्याच दांडीवरची इतर फुलेही तपासून किती फुलांत हा फरक आहे ते लिहावे, कारण एकाच फुलातील विकृती आणि पूर्ण वाणाचा स्थिर गुण या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नोंदीखाली तारीख, फूल कोठून मिळाले ते ठिकाण आणि वाणाची चिठ्ठी असल्यास तिच्यावरील नाव जसेच्या तसे उतरवून ठेवावे.